नुसतं नाव घे

केज तालुक्यातल्या युसूफ वडगावच्या भिमाबाईला फोन वापरता येत होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून चार शहाणे म्हणतील, अडाणी बाई, तिच्या हातात फोन दिलाच कशाला. अडाणी वगैरे काही नव्हती ती. दुसरीपर्यंत शाळा झाली होती, मराठी पाटी दमानं का होईना, वाचायची. इंग्रजी येत नव्हतं. ते तालुक्याच्या अर्ध्या साहेबांनाही येत नाही. आलेला फोन उचलायचा, भीमगीतं लावायची आणि नवऱ्याला फोन लावायचा, एवढ्यात तिचं सगळं भागत होतं.

नवऱ्याला फोन लावायची रीत मात्र तिची स्वतःची होती. फोनच्या पडद्यावर बाबासाहेबांचा फोटो होता. निळा कोट, लाल टाय, वरच्या खिशाला पेन. त्या पेनाच्या अगदी शेजारी एक नारिंगी गोल होतं, मधोमध इंग्रजी अक्षर असलेलं. फोन नवा होता तेव्हा लेकीनंच ते तिथं ठेवून दिलं होतं. गोलावर बोट टेकवलं की पलीकडून नवऱ्याचा आवाज यायचा, "हां, बोल." पेनाच्या शेजारी नवरा. एवढं लक्षात ठेवायला कोणती शाळा लागते?

बाकीच्या पडद्यावर मात्र खरंच रान माजलं होतं. पुतण्या पप्पू येता-जाता तिचा फोन घ्यायचा आणि काही ना काही त्यात टाकून जायचा. गाड्यांचा खेळ, क्रिकेटचे स्कोअर, फोटोत माणसाला कुत्र्याचे कान लावणारं काहीतरी. बचत गटाच्या बैठकीला गेलं की तिथं कुणीतरी एखाद्या योजनेचं ॲप टाकून द्यायचं. उघडायचं कुणीच नाही, पण चित्रं साचत गेली.

लेक आम्रपाली बीडला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. रविवारी घरी आली आणि जेवणं झाल्यावर आईचा फोन घेऊन बसली.

"आई, काय दशा केलीस गं! बाबासाहेबांच्या डोळ्यावर गाड्यांचा खेळ, नाकावर गॅसवाले. तोंड तरी दिसतंय का त्यांचं?"

भिमाबाई वरमली. रोज बघून बघून हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

मग आमूनं आवराआवर काढली. एकेका चित्रावर बोट दाबून धरायची, ते जागचं हललं की ओढत नेऊन फोल्डरात टाकायची. सरकारी सगळं एका फोल्डरात, गाणी एका, फोटोंचं एका. पप्पूचे खेळ तर वर ओढून थेट काढूनच टाकले. झालं म्हणता म्हणता तिनं सगळं मोडलं आणि वेगळं लावलं. मग तेही मोडलं. ऊन अंगणातून सरकून भिंतीवर चढलं तरी पोरीचं बोट थांबेना. भिमाबाई समोर लसूण सोलत बघत होती. पोरीचा जीव काही फोनमध्ये नाही, हे तिला दिसत होतं. मनात काही सलत असलं की आमू लहानपणीसुद्धा घासलेली भांडी परत घासायला घ्यायची.

"काय झालंय गं तुला?"

"काय न्हाई. लई घाण झालती फोनमधी."

अजून एकदा विचारायला पाहिजे होतं. भिमाबाईनं विचारलं नाही, कारण तेवढ्यात पोरीनं फोन तिच्यासमोर धरला. पडदा कसा लख्ख! खाली एका ओळीत चार चित्रं, वर दोन फोल्डरं, बाकी सगळे बाबासाहेब. त्यांचा चेहरा या फोनवर तिनं पहिल्यांदाच धड पाहिला. तिला बरं वाटलं, आणि लगेच तिची नजर खिशाकडं गेली. खिशाला पेन होतं, पण पेनाशेजारचं गोल नव्हतं.

"आन तुझ्या पप्पाला फोन कसा लावायचा?"

"आता गोल-बिल काय करायचं? हे बघ, हा माइक दाबायचा आन नुसतं नाव घ्यायचं. लगीच लागतो."

"नाव घ्यायचं?"

"हां. नुसतं नाव घे."

आता गंमत अशी, की बीडच्या हॉस्टेलात राहणाऱ्या पोरीला 'नाव घे' म्हणजे नाव उच्चार, एवढंच वाटतं. भिमाबाईच्या लेखी नाव घेणं म्हणजे डोक्यावर पदर, भोवती चार बाया, आणि जुळवलेल्या दोन ओळींत लाजत-लाजत गुंफलेलं नवऱ्याचं नाव. लग्नात घेतलं, आमूच्या वेळी डोहाळजेवणाला घेतलं, पप्पूच्या लग्नात विहिणींनी दारात अडवलं तेव्हा घेतलं. नुसतं, कोरडं नाव तिनं जन्मात घेतलं नव्हतं. घरात 'अवं' आणि बाहेर 'आमूचे पप्पा', यावर तिचा संसार चालला होता. पण हे लेकीला काय सांगायचं? हसली असती. भिमाबाईनं मान डोलावली आणि लसणाची टरफलं गोळा केली.

पुढचे दिवस नवरा घरीच होता, फोनची गरज पडली नाही. गुरुवारी मात्र तो पप्पूबरोबर गाडीत बसून शिरूर कासारला गेला.

नवऱ्याचं नाव कचरू. ते आपण घेऊ शकतो, आपल्याला काही अडचण नाही. पप्पूच्या ओळखीत आमूसाठी एक स्थळ होतं. मुलगा साखर कारखान्यात क्लार्क. "नुसतं बघून येतो, लगीन थोडंच लावतोय," कचरू जाताना म्हणाला. आणि चपला घालता घालता म्हणाला, "संध्याकाळच्याला पुरणाचं कर." भिमाबाईनं डाळ निवडायला घेतली. नुसतं बघायला जाणारा माणूस पुरण कशाला सांगतो, हे तिच्या डोक्यात यायला हवं होतं. ते आलं, पण डाळ शिजायला लागल्यावर, आणि तेही आमूचा फोन आला म्हणून.

"आई, पप्पा कुठायत?"

"शिरूरला गेल्यात की. कावून?"

"दीपावहिनीनं स्टेटस टाकलंय. 'आमच्या आमूचं जमलं' म्हणून. पेढ्याच्या बॉक्सचा फोटो टाकलाय. आई, ते बघायला न्हाई गेले, पक्कं करायला गेलेत!"

"अगं, असं कसं..."

"त्या लोकांनी सांगितलंय, पोरीनं शिक्षण सोडायचं, नोकरी करायची न्हाई. वहिनी मला रविवारीच बोलली होती. मला वाटलं, पप्पा तेवढ्यावरच न्हाई म्हणतील. आता फोन लावतीय तर कट करत्यात. तू लाव, तुझा उचलत्यात. मला नको हाय ते, आई. मला नर्स व्हायचंय. हितं प्रॅक्टिकलला फोन जमा करायलेत, मला आता..."

आणि फोन बंद झाला.

भिमाबाई चुलीपुढं तशीच उभी राहिली. म्हणजे रविवारी पोरगी फोन आवरत नव्हती. दुपारभर ती आईच्या तोंडाकडं बघत होती, आई विचारेल म्हणून. आणि आईनं एकदा विचारून लसूण सोलला. भिमाबाईला स्वतःचाच असा राग आला की हातातली पळी तिनं ताटात आदळली.

कचरूला ती पुरती ओळखून होती. माणूस वाईट नाही, पण शब्दाचा इतका पक्का की ते घरच्यांनाच भोवायचं. मागं वस्तीतल्या विहारासाठी अंगणातली पट्टी देतो म्हणाला. नंतर कळलं, तेवढी जागा गेली तर उरलेली सरकारी घरकुल योजनेत बसत नाही. लोक स्वतः येऊन म्हणाले, माघारी घ्या तात्या, कुणी काही म्हणणार नाही. घेतला नाही शब्द माघारी. घर अजून पत्र्याचं होतं. आज शिरूरच्या बैठकीत त्याच्या तोंडात पेढा गेला, की पाहुण्यांना शब्द गेला. मग आमू रडो नाहीतर आमूची आई रडो, पोरीचं शिक्षण संपलं. पेढा तोंडात जायच्या आत त्याला गाठायचं होतं.

तिनं फोन उघडला. बाबासाहेब समोर, लख्ख. पेनाशेजारी बोट टेकवलं. काही झालं नाही. दाबून धरलं, तर सगळा पडदाच आक्रसला आणि खालून डोंगर, फुलं, समुद्र असले फोटो वर आले. यातला एखादा निवडा, असं तो फोन म्हणत होता. समुद्राचं काय करायचं होतं तिला! घाईघाईनं मागं आली. एक फोल्डर उघडलं, त्यात सरकार. दुसरं उघडलं, त्यात गाणी. गोल कुठंच नाही.

खालचं हिरवं फोनचं चित्र तिला माहीत होतं. ते दाबल्यावर नावांची रांग आली, सगळी इंग्रजीत, आणि प्रत्येकाच्या पुढं एक गोल. जांभळं, हिरवं, नारिंगी, परत नारिंगी. यातला नवरा कोणता? मागं एकदा असंच अंदाजानं दाबलं होतं, तर गॅसचं बुकिंग होऊन दारात टाकी आली होती. तेव्हा हसण्यावारी गेलं. आज पलीकडं भलतंच कुणी निघालं तर काय सांगायचं? पोरीची गोष्ट. पोरीनं स्थळ नाकारलं, एवढं जरी वस्तीत फुटलं, तरी लोक त्याला हातपाय लावून मोकळे होतात.

ती दारात गेली. डावीकडं दीपमाला, पप्पूची बायको, म्हणजे आमूची दीपावहिनी. तिला सांगणं म्हणजे पप्पूलाच सांगणं. उजवीकडं छबुबाई, तिच्या कानात सकाळी पडलेलं संध्याकाळपर्यंत केजच्या बाजारात पोचतं. पुढच्या घरांना कुलपं, ती माणसं ऊसतोडीला गेलेली. पोरंटोरं शाळेत. भिमाबाई घरात आली, परत दारात गेली, परत आत आली. डाळ उतू जाऊन चूल चरचरली, तिकडं तिनं पाहिलंही नाही.

राहिला तो माइक.

तिनं दार लोटून घेतलं. माइकवर बोट ठेवल्यावर फोननं टिंग असा आवाज केला आणि ऐकत बसला.

"आमूच्या पप्पाला फोन लाव," ती फोनला तोंड चिकटवून म्हणाली.

फोननं विचार केला आणि आंब्याचे पापड दाखवले. पिवळेजर्द, ताटात वाळत घातलेले, खाली करायची कृती.

"पापड न्हाई रं बाबा! आमूचे पप्पा!"

फोननं आणखी पापड दाखवले. उडदाचे.

नुसतं नाव घे, पोरगी म्हणाली होती. बरं. नाव तर नाव. तिनं डोक्यावर पदर घेतला, भिंतीकडं तोंड केलं आणि दबक्या आवाजात, पण सगळे सूर धरून नाव घेतलं:

"वडगावच्या वेशीला पिंपळाची सावली,
कचरूरावांचं नाव घेते, बाबासाहेब माझी माउली."

घेतलं आणि इतक्या घाईतसुद्धा लाजली. फोनला मात्र कसली लाज! त्यानं उखाण्यांच्या व्हिडिओंची रांगच लावली. तिचं बोट कुठंतरी लागलं आणि नथ घातलेली एक नवरी मोठमोठ्यानं नाव घेऊन खिदळायला लागली. ती बंद कशी करायची ते सापडेना. शेवटी तिनं फोन गोधडीत खुपसला. गोधडीच्या आत नवरी नावं घेत राहिली.

"काकू, घरात कोण आलंय?"

दार ढकलून दीपमाला आत. हातात वेलदोड्याची पुडी. भिमाबाई गोधडीवर बसली.

"कोण न्हाई. फोनवर लागलंय कायतरी."

"घ्या, पुरणात टाकायला आणली. काकू, तुमचं नशीब बगा, पोरगा पर्मनंट हाय. आत्ताच ह्यांचा फोन आलता. चहा झाला म्हणे, आता नुसतं तोंड गोड करायचं राह्यलंय. त्यांच्या घरचं कुणीतरी मोठं माणूस यायचंय, ते आलं की झालं." दीपमालानं चुलीकडं पाहिलं. "अगं बया, डाळ करपायली की!"

ती पुढं होऊन डाळ हलवायला लागली. भिमाबाईच्या अगदी ओठावर आलं होतं, दीपमाला, तुझ्या काकांना जरा फोन लावून दे. मग ती विचारणार, कावून काकू? आणि आधी नवऱ्याला लावणार. दीपमालाच्या मनात वाईट काही नव्हतं. ती खरंच आनंदली होती, आपल्या घरच्या पोरीचं चांगलं झालं म्हणून. तिच्या त्या आनंदापुढं भिमाबाईची जीभ उचलत नव्हती. एखादी दुष्ट असती तर भांडून तरी घेतलं असतं.

"काकू, तुमाला बरं न्हाई का? तोंड कसं झालंय."

"धुरानं. जा तू, तुझं लेकरू उठंल."

दीपमाला गेली. भिमाबाईनं यावेळी कडी घातली. नवरी एव्हाना गप्प झाली होती. तिनं फोन गोधडीतून काढला. आता ना पदर ना पिंपळ. तिनं माइक दाबला, डोळे मिटले आणि संसारात पहिल्यांदा नुसतं म्हणाली,

"कचरू."

डोळे उघडले तर पडद्यावर कचऱ्याची गाडी. हिरवी, निळी. ओला कचरा, सुका कचरा. गाड्यांच्या खाली उकिरड्याचा एक फोटो, त्यावर डुकरं.

भिमाबाई बघतच राहिली. एवढं जिवावर येऊन घेतलेलं नाव, आणि त्याचं हे! तिला त्या फोनची अशी चीड आली की तो आत्ता समोर माणूस असता तर तिनं त्याच्या मुस्काटात दिली असती. लोकही तेच करायचे. शाळेत मास्तर हजेरी घेताना हसायचे, ऊसतोडीला मुकादम 'ए कचऱ्या' म्हणायचा. सासूची पहिली लेकरं जगली नव्हती. हे पोरगं झालं तेव्हा तिनं ते उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीकडून उचलून आणवलं आणि नाव कचरू ठेवलं, म्हणजे मरणाला वाटावं हे टाकलेलं आहे, ह्याला काय न्यायचं. जिवापेक्षा जास्त जपायचं होतं म्हणून ठेवलेलं नाव होतं ते. फोनला काय कळणार!

"कचरूला फोन लाव," ती चिडून म्हणाली. "माणूस हाय तो. कचरूला फोन लाव!"

यावेळी फोन बाईच्या आवाजात, अगदी स्वच्छ मराठीत बोलला. "कचरू नावाचा संपर्क सापडला नाही."

म्हणजे नाव घेतलं तेही फुकट गेलं. भिमाबाई जमिनीवर बसली. तिला रडू येत होतं, पण रडायला वेळ नव्हता. सापडला नाही म्हणजे काय? ह्याच फोनमध्ये होता, पेनाशेजारी. मग तिच्या लक्षात आलं. फोनमध्ये नाव तिनं कुठं घातलं होतं? ते आमूनं घातलं होतं. आणि आमू बापाला कचरू कशाला म्हणेल? ज्याचं-त्याचं नातं. लेकीनं आपल्या नात्यानं लिहून ठेवलं होतं.

आता नवऱ्याला पप्पा म्हणायचं! तिनं उसासा टाकला. आज काय काय म्हणायची पाळी येणार होती, कोण जाणे. मागच्या वेळचे पापड आठवले म्हणून तिनं आमूला त्यातून वगळलं, आणि एकेक अक्षर सुटं करून म्हणाली, "पप्पा ला फोन लाव."

"पप्पूला फोन लावत आहे," बाई म्हणाली.

"न्हाई! पप्पू न्हाई! पप्पा! थांब!"

बाई थांबली नाही. फोन कापायचं लाल चित्र भिमाबाईला ठाऊक होतं. पण ती कानाला फोन लावून ओरडत होती आणि चित्र गालाखाली होतं. ती फोन समोर धरेपर्यंत पलीकडून उचललासुद्धा.

"काकू! शंभर वर्ष आयुष्य हाय बगा तुमाला. आत्ताच तुमचं नाव निघालतं." मागं हसण्याचा, कपबशांचा, पंख्याचा आवाज. "काकांच्या हातात पेढा दिलाय, आन तुमचा फोन!"

"त्यास्नी दे. पप्पू, त्यास्नी फोन दे."

"हितंच हायत की शेजारी. स्पीकरवर टाकलंय, सगळे ऐकायलेत. बोला."

"जरा बाजूला घेऊन दे."

"आता बाजूला काय काकू, घरचीच झाली समदी!"

कुणीतरी मोठ्यानं हसलं. मग एक जाडसर, समाधानी आवाज जवळ आला. "जयभीम विहीणबाई. असं कोरडं न्हाई चालायचं. अशा टायमाला फोन केलाव, आता आधी नाव घ्या!" आणि मागून तिकडच्या बायका एकदम, "घ्या, घ्या! नाव घ्या!"

भिमाबाईच्या जिभेवर ओळी आपोआप आल्या. बाईला नाव घे म्हटलं की येतातच. शिरूरचं काही, साखरेचं काही, यमक जुळतही होतं. पण तिला स्वच्छ दिसलं की पुढं काय होणार. ती नाव घेणार, बायका टाळ्या वाजवणार, कचरू मिशीत हसणार आणि हसत हसत पेढा तोंडात टाकणार. यमकात काहीही सांगितलं तरी लोक कौतुकच करतात. ओळी तिनं गिळल्या.

"कचरू," ती म्हणाली.

पलीकडं सगळं थांबलं. पंखा तेवढा ऐकू येत होता.

"कचरू, पेढा खाली ठेवा. आमूला हे नको हाय. तिला शिकायचंय, नर्स व्हायचंय. तिनं मला सांगितलंय, आन मी तुमाला सांगायलीय. उठा तिथून."

"काकू!" पप्पूचा आवाज चिरकला. "येडं लागलं का तुमाला? लोकं ऐकायलेत हितं!"

"बाई नवऱ्याला नावानं हाक मारायली, बगा," मागं कुणी बाई म्हणाली. "ते बी नुसतं कचरू!"

जाडसर आवाज आता समाधानी नव्हता. "पाहुणे, हे काय वागणं झालं? तुमच्या घरात कारभार कुणाचा हाय?"

भर बैठकीत, परक्या गावात, चार माणसांत तिनं नवऱ्याची पत घालवली होती. आता तो रागानं पेढा खाईल, मुद्दाम खाईल, आणि घरी येऊन तिच्याशी आयुष्यात बोलणार नाही. बोलू नये. पण पोरीचं वाटोळं झालं तर तीही त्याच्याशी बोलणार नव्हती. तिनं फोन दोन्ही हातांनी तोंडासमोर धरला आणि वाट बघत राहिली.

पलीकडं खरखर झाली. फोन या हातातून त्या हातात गेला असावा. मग तो आवाज आला, पेनाशेजारी बोट टेकवल्यावर यायचा तोच, पण बसका.

"कुणाला म्हणलीस?"

"तुमालाच."

"नाव घेतलंस माझं."

"घेतलं."

पप्पू मागं कुजबुजत होता, काका, मिटवून टाका, काका, पेढा घ्या, बाईमाणसाचं काय घेऊन बसलाव.

"गप बे, पप्पू," कचरू म्हणाला. आणि मग फोनमध्ये, "परत म्हण. ह्या समद्यांस्नी नीट ऐकू जाऊ दे."

हा राग होता की दुसरं काही, तिला कळेना. कडी घातलेल्या घरात, करपलेल्या डाळीच्या वासात ती ताठ उभी राहिली. डोक्यावरचा पदर कधीच खांद्यावर आला होता.

"कचरू," ती मोठ्यानं म्हणाली. "उठा."

खुर्ची मागं सरकल्याचा आवाज आला.

"येतो पाहुणे," कचरू म्हणाला. "घरून बोलावणं आलंय."